गरीब क्लबाचा कारभार : एका संगणक-खेळाचे परीक्षण

परीक्षण म्हटले की आपल्या वाचकांना पुस्तक, नाटक, फार तर एखादे कीर्तन आठवते. या अंकात आम्ही ज्याचे परीक्षण करीत आहोत तो संगणकावरचा एक खेळ आहे. ‘पोरांच्या खेळाला एवढी पाने कशाला?’ असे कोणी विचारण्याआधीच सांगतो, की हा खेळ नुसत्या पोरांचा नाही. चाळिशी-पन्नाशीचे बापेही तो रात्र-रात्र जागून खेळतात. आणि त्यात जे करावे लागते ते आपल्यापैकी पुष्कळांनी जन्मभर केले आहे : अपुऱ्या पैशात घर चालवणे.

खेळाचे नाव ‘फुटबॉल मॅनेजर’. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा इंग्रज भावांनी १९९२ साली तो ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने काढला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली, नाव जुन्या प्रकाशकाकडे राहिले आणि २००४ पासून हा खेळ आजच्या नावाने निघू लागला. नावावरून गैरसमज नको. यात चेंडूला पाय लावायचा नसतो. धावणारे खेळाडू आपल्या बोटांनी नाचवायचे, तो प्रकार निराळा. इथे आपण मॅनेजर असतो आणि मॅनेजरचे काम म्हणजे कचेरीचे काम. पत्रे येतात, करार संपतात, कोणी आजारी पडतो, कोणी रुसतो, संचालक मंडळ बोलावून जाब विचारते. सामन्याच्या दिवशी अकरा जणांना मैदानात धाडायचे आणि कडेला उभे राहून नखे खायची.

आमचा नातू हा खेळ खेळतो. सैन्यातून सुटून आता विद्यापीठात आहे. आम्ही शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि न विचारता सल्ला देतो. या खेळात जगभरच्या लीग आहेत, त्यांत आपली लिगात हाअल आणि तिच्याखालची लिगा लेउमितही आहे. नातवाने मक्काबी तेल अवीव घेतला नाही, मक्काबी हैफाही घेतला नाही. त्याने इरोनी किर्यात श्मोना घेतला. आम्हाला ते आवडले, कारण श्रीमंत क्लब घेऊन जिंकणे म्हणजे सासऱ्याच्या पैशावर दुकान थाटणे.

किर्यात श्मोनाची खरी हकीकत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. अगदी उत्तरेला, लेबनॉनच्या सरहद्दीला टेकलेले हे वीस-बावीस हजार वस्तीचे गाव. १९४९ नंतर माअबारातून वाढलेल्या गावांपैकी एक. अशी गावे आपल्या लोकांना सांगायला नकोत. तिथले दोन छोटे क्लब २००० साली एकत्र करून हा एक क्लब झाला. २००७ मध्ये तो पहिल्यांदा लिगात हाअलमध्ये चढला, २००९ मध्ये खाली घसरला, २०१० मध्ये परत चढला आणि २०१२ मध्ये रान बेन शिमोन प्रशिक्षक असताना थेट देशाचा विजेता झाला. तेल अवीव, हैफा, जेरुसलेम सगळे पाहत राहिले. आता न्यायाने बोलायचे तर क्लब अगदी फाटका नव्हता. त्याचे मालक इझी शेराट्स्की हे पैसेवाले गृहस्थ. पण मोठ्या शहराच्या क्लबामागे जो पैसा, जे प्रेक्षक, जो दबदबा असतो, तो तिथे नव्हता. २०१४ मध्ये या क्लबाने राष्ट्रीय चषकही जिंकला, त्या वेळचा प्रशिक्षक बराक बाखार. हाच बाखार पुढच्या वर्षी बेरशेव्याला गेला आणि हापोएल बेरशेव्याने २०१६, २०१७, २०१८ अशी सलग तीन वर्षे लीग जिंकली. बेरशेव्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तेव्हा रस्त्यावर काय धुमाकूळ घातला ते आम्ही ऐकून आहोत, कारण चाळीस वर्षांनी ते भाग्य आले होते. पण किर्यात श्मोनाच्या बाजूने पाहा. आपल्याकडे माणूस तयार झाला आणि दुसऱ्याच्या घरी पिकला. गरीब क्लबाची सारी गोष्ट एवढ्यात आली.

ही गोष्ट हा खेळ फार चांगली सांगतो, आणि त्याबद्दल आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण देतो. सुरुवातीलाच मंडळ दोन रकमा हातावर ठेवते. एक खेळाडू विकत घेण्यासाठी, दुसरी आठवड्याच्या पगारांसाठी. एकीतून काढून दुसरीत घालता येते, पण दोन्ही मिळून काही वाढत नाही. आपल्या आया डाळीच्या डब्यातले पैसे दुधाला आणि दुधाचे फीला लावीत, तसेच. नातवाच्या पहिल्या वर्षी खरेदीची रक्कम इतकी थोडी होती की तिच्यात हैफाच्या एका खेळाडूचा डावा पायसुद्धा आला नसता. मग माणूस काय करतो? ज्यांचे करार संपले आहेत, ज्यांना कोणी विचारीत नाही, अशांची यादी काढतो. करार संपलेला खेळाडू फुकट दुसरीकडे जाऊ शकतो, हा युरोपातला नियम बोसमन नावाच्या एका बेल्जियन खेळाडूने कोर्टात भांडून १९९५ साली मिळवला. गरीब क्लबांचा अर्धा संसार त्यावर चालतो. उरलेला अर्धा उसनवारीवर. मोठ्या क्लबातला बाकावर बसलेला पोरगा एका मोसमापुरता मागून आणायचा, आणि पगाराचा मोठा वाटा त्याच्याच क्लबाने भरावा अशी गोड भाषेत विनंती करायची. नातवाला पहिल्यांदा अशी विनंती करायला संकोच वाटला. दुसऱ्या वर्षी तो यात आमच्या काळच्या भायखळ्याच्या वाण्याइतका तरबेज झाला.

विक्रीचा भाग याहून खरा आहे. तुमचा चांगला खेळाडू मोठ्या क्लबाच्या डोळ्यांत भरतो. तुम्ही नाही म्हणता. तो खोलीत येऊन तक्रार करतो. तुम्ही वचन देता, ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू.’ वचन मोडले तर बाकीचेही तोंड फिरवतात. अखेर विकावेच लागते, आणि तेव्हा शहाणा मॅनेजर करारात एक ओळ घालून घेतो : पुढे हा खेळाडू आणखी कोणाला विकला, तर त्या पैशाचा अमुक टक्के हिस्सा आमचा. ही ओळ वाचून आम्हाला हसू आले. आपल्या गावांतून शिकून मोठ्या शहरांत गेलेल्या मुलांच्या बाबतीत नगरपालिकांनी अशी एक ओळ घालून घेतली असती, तर आज रस्ते सोन्याचे असते.

आणखी एक गोष्ट, शिक्षक म्हणून आमच्या विशेष लक्षात आली. खेळात चौतिशी-पस्तिशीचे थकलेले खेळाडू मिळतात. पळता येत नाही, पगार मात्र मागतात. पाहणारा म्हणेल काढून टाका. पण त्यांतला एखादा शिस्तीचा, कष्टाळू असेल तर त्याच्या हाताखाली दोन-तीन पोरे लावून देता येतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत पोरांचा स्वभाव बदलू लागतो. सरावाला टाळाटाळ करणारा वेळेवर येतो. हरल्यावर मान टाकणारा मान टाकीत नाही. म्हणजे चारित्र्य संगतीने घडते, हे या खेळाला मान्य आहे. पुष्कळ शिक्षणखात्यांना ते मान्य नव्हते.

इथपर्यंत स्तुती झाली. आता तक्रार, आणि ती आमच्या मते लहान नाही.

या खेळात प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे असतात. एक आजच्या कुवतीचा, दुसरा तो जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकेल त्याचा. हिब्रूत पोरे ज्याला ‘पोतेन्सियाल’ म्हणतात तो. दोन्ही दोनशेपैकी. दरवर्षी एकदा क्लबाकडे पंधरा-सोळा वर्षांची नवी पोरे येतात. ती खरी माणसे नव्हेत, संगणकाने जन्माला घातलेली. त्यांच्या जन्माबरोबरच हा दुसरा आकडा ठरून जातो आणि मग तो बदलत नाही. चांगला प्रशिक्षक द्या, मैदान सुधारा, वडीलधारा खेळाडू शेजारी बसवा. या सगळ्याने पोरगा आपल्या आकड्यापर्यंत लवकर पोचेल. पलीकडे एक पाऊल नाही. एकशेवीस लिहून आलेला एकशेवीसवर मरतो.

नातवाचे म्हणणे असे : ‘सबा, तो आकडा दिसतच नाही. दिसतात फक्त तारे, आणि तेही स्काउटच्या मतावर. स्काउट चुकतो.’ हे खरे आहे. पडद्यावर वेग, अचूकता, जिद्द असे गुण वीसपैकी दिसतात, पण तो मोठा आकडा झाकलेला असतो, आणि झाकलेला असतो म्हणूनच खेळात रंगत येते. पण झाकला म्हणून नाहीसा होत नाही. डॉक्टरने रोग्याला न सांगता कागदावर तारीख लिहून ठेवावी, तसे ते आहे.

आम्हाला हे टोचते त्याचे कारण वाचकांना ठाऊक आहे, तरी लिहितो. आम्ही मुंबईला शिकलो, तिथून इथे आलो आणि दक्षिणेतल्या एका गावच्या शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्या शाळेत मुलांच्या फायली असत. कोणत्या घरातून आला, बाप काय करतो, चाचणीत किती गुण, आणि शेवटी एका ओळीत निकाल : हा बगरूतच्या वर्गात, तो मिक्त्सोईत. मुलगे वेल्डिंगला, मुली शिवणाला. याला ‘हसलाला’ म्हणतात, रूळ टाकून देणे. ती फाईल सातवी-आठवीत भरली जाई आणि नंतर कोणी उघडीत नसे, कारण उत्तर आधीच लिहिलेले होते. आपल्या समाजाची एक मुलगी अशीच शिवणाला गेली. आमच्या इंग्रजीच्या तासाला ती नेहमी पहिल्या बाकावर. सैन्य झाले, लग्न झाले, मग रात्रीच्या वर्गाला जाऊन सव्विसाव्या वर्षी तिने बगरूत दिली आणि पुढे हिशेबनीस झाली. ती आता निवृत्त आहे आणि हे मासिक वाचते, म्हणून जास्त लिहीत नाही. पण तिच्या फायलीतला आकडा काय होता, ते आम्ही पाहिले होते.

तेव्हा ‘आकडा जन्माला येतानाच ठरतो’ असे कोणी खेळाच्या नियमात घातले, की आम्हाला ती फाईल दिसते.

कोणी म्हणेल, फुटबॉल म्हणजे इंग्रजी व्याकरण नव्हे. ज्याला पाय नाहीत तो काय धावणार? बरोबर. मर्यादा असतात. पण त्या आधी कोणाला कळतात? फुटबॉलच्या खऱ्या इतिहासात पाहू. फ्रेडी आडू हा अमेरिकन मुलगा चौदाव्या वर्षी मोठ्या क्लबात आला, आणि त्या वर्षांतल्या आवृत्त्यांत हा खेळ त्याला उद्याचा जगज्जेता मानत होता. जगभरच्या पोरांनी त्याला आपापल्या क्लबात आणला. खरा आडू तिथवर कधीच गेला नाही. उलट जेमी वार्डी. सोळाव्या वर्षी शेफील्डच्या क्लबाने त्याला नको म्हटले. कारखान्यात काम करून तो खालच्या, अगदी खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. पंचविसाव्या वर्षी, २०१२ मध्ये, लेस्टरने त्याला घेतला, आणि २०१६ मध्ये लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला, ज्यावर पैज लावणाऱ्यांनी पाच हजारास एक असा भाव दिला होता. खेळ करणाऱ्यांनी पुढच्या आवृत्त्यांत वार्डीचा आकडा वाढवला. म्हणजे ते स्वतः दरवर्षी आपली फाईल उघडून दुरुस्ती करतात! मग नातवाच्या खेळातल्या पोराने काय घोडे मारले आहे? त्याला पुढची आवृत्ती नाही.

इथे आम्हाला आपल्या जुन्या देशातले एक उदाहरण द्यावेसे वाटते. ज्यांनी कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने पाहिले, त्यांना हैदराबाद पोलिसांचा संघ आठवत असेल. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे त्यांनी तो कप नेला. त्या संघाचे आणि नंतर भारताच्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर. (त्यांच्यावर अलीकडे ‘मैदान’ नावाचा हिंदी सिनेमाही निघाला आहे.) १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. त्याविरुद्ध भारताचे सोंधी बोलले, म्हणून तिथले प्रेक्षक भारतीय खेळाडूंवर चिडले. म्हणजे भारताचा संघ काही अंशी आपल्यामुळे शिव्या खात होता, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे. त्या गदारोळात रहीमसाहेबांनी काय केले? जर्नेल सिंग हा त्यांचा बचावपटू, डोक्याला टाके पडलेला. त्याला त्यांनी पुढे आघाडीवर खेळवला. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला, आणि भारत २-१ ने जिंकून सुवर्णपदक घेऊन आला. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी गेले.

खेळाशी न्यायाने वागायचे तर सांगितले पाहिजे की बचावपटूला आघाडीवर शिकवून तयार करण्याची सोय त्यात आहे, नातवाने ती करूनही पाहिली. पण त्यासाठी महिने लागतात, आणि सारा हिशेब त्या एकाच छताखाली. टाके पडलेल्या माणसाच्या अंगात त्या दिवशी जे आले, त्याला दोनशेच्या कोष्टकात घर नाही.

ही चर्चा नुसत्या खेळापुरती राहिली असती तर आम्ही एवढी शाई खर्चली नसती. पण हे आकडे खेळाबाहेर पडले आहेत. देशोदेशी हौशी माणसे आपापल्या क्लबाचे सामने पाहून खेळाडूंना गुण देतात, ते सगळे एकत्र होते, आणि ही माहिती इतकी मोठी झाली की २००८ साली इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबाने ती वापरण्याचा करार केला. खऱ्या क्लबाने खरा खेळाडू शोधायला! माहिती म्हणून ती उपयोगी असेल, आहेच. दूर कुठे धुळीच्या मैदानात खेळणाऱ्या पोराचे नाव त्यामुळे लंडनला पोचते. पण नावाबरोबर फाईलही पोचते.

आमची दुसरी तक्रार थोडक्यात. या खेळात क्लब आहे, गाव नाही. प्रेक्षक म्हणजे एक संख्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये किर्यात श्मोना रिकामे केले गेले. माणसे देशभरच्या हॉटेलांत पांगली, आणि क्लबाला घरचे सामने परक्या मैदानांवर खेळावे लागले. तेव्हा तो लिगा लेउमितमध्ये होता, आणि त्याच मोसमात तो वर चढला. गाव नसलेल्या गावाचा क्लब. नातवाच्या खेळात मात्र त्या मैदानावर दर पंधरवड्याला सामना ठरलेला, गवत हिरवे. त्या वर्षी मॅनेजरला कोणती पत्रे आली असतील, पोरांना सरावाला कुठून कुठे आणावे लागले असेल, याचा विचार करीत आम्ही तो हिरवा पडदा पाहत होतो. नातू काही बोलला नाही. त्याचा एक सोबती तिथला.

वाचकांनी हा खेळ घ्यावा का? स्वतःसाठी घेऊ नये. अक्षरे फार बारीक, आणि एक मोसम संपवायला सुटीचे दिवस लागतात. पण नातवंडे खेळत असतील तर शेजारी बसावे. ‘सवलानुत’ हा शब्द या देशात रोज ऐकू येतो आणि कुठेच दिसत नाही. तो इथे दिसतो. पोरगे तीन वर्षांचा हिशेब मांडायला शिकते. आणि तुम्हाला बोलायला विषय मिळतो, जो हवामान आणि जेवलास का याच्या पलीकडचा असतो. फक्त एक करावे : पोर जेव्हा एखाद्या खेळाडूबद्दल म्हणेल की याच्यात आता काही उरले नाही, तेव्हा विचारावे, तुला कोणी सांगितले?

आमच्या घरची सध्याची स्थिती अशी. किर्यात श्मोना चौदा संघांत सहावा आहे. पगाराची रक्कम संपली आहे. डाव्या बाजूला खेळणारा एक सतरा वर्षांचा पोरगा आहे. स्काउटने त्याला अडीच तारे दिले, पण तो थकलेल्या कर्णधाराच्या हाताखाली दोन मोसम राबला आणि आता रोज खेळतो. त्याच्यासाठी बेरशेव्याने विचारणा केली आहे. नातू म्हणतो, अडीच ताऱ्यांच्या पोराला यापेक्षा जास्त कोण देणार, विकून टाकू आणि गोलरक्षक आणू. आम्ही म्हणतो, थांब. निदान पुढच्या विक्रीत वीस टक्के तरी मागून घे. तो पंधरावर आला आहे. बोलणी चालू आहेत.